चिकटलेल्या पानांतली नदी

मित्रांनो, मी एक जुनं चित्रांचं पुस्तक आहे. किती जुनं, ते माझ्या कोपऱ्यांवरून ओळखा. वय विचारू नये, एवढं तुम्हांला कुणीतरी शिकवलं असेलच. माझ्या मुखपृष्ठावर एक गोगलगाय आहे. पूर्वी ती चांगली तपकिरी होती, आता उन्हानं विटून चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी दिसते. या काठावरच्या गोगलगायीला त्या काठावरचा कोबी खायचा असतो आणि शेवटी ती तो खाते, एवढीच माझी गोष्ट. यात विशेष ते काय, असं तुम्हांला वाटेल. बरीच वर्षं मलाही तसंच वाटत होतं.

माझा जन्म छापखान्यातला. एका भल्यामोठ्या कागदावर माझी पानं छापली गेली, निम्मी सुलटी, निम्मी डोक्यावर उभी. मला वाटलं, आपला जन्मच चुकला. पण मग घड्या पडल्या, पाठ दोऱ्यानं शिवली गेली, कडा कापल्या गेल्या आणि सगळी पानं शहाण्यासारखी आपापल्या जागी उभी राहिली. हे कसं घडलं, ते मला अजून उलगडलेलं नाही. चित्रकारानं सगळ्यात जास्त जीव ओतला होता तो माझ्या मधल्या जोडपानात. गोगलगाय नदी कशी ओलांडते, ते तिथे होतं. दोन्ही पानं भरून एकच चित्र. छापखान्यातला कामगार दिवसभर कागद बघून विटलेला माणूस, पण त्या पानावर तोही थांबला आणि "वा" म्हणाला. ते "वा" मी जन्मभर पुरवून पुरवून वापरलं.

माझ्या पहिल्या घरातला मुलगा फार मायाळू होता. नदीच्या पाण्यावरच्या गोगलगायीला भूक लागली असेल असं वाटून त्यानं तिच्या तोंडाला चमचाभर मध लावला आणि ती निवांत खाईल म्हणून मला मिटून ठेवलं. झालं! मधली दोन पानं एकमेकांना जी चिकटली, ती चिकटलीच. सख्ख्या भावांतसुद्धा इतकं सख्य नसतं. माझ्या पानांवर आकडे नव्हते, त्यामुळे काही हरवलंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. एका पानावर गोगलगाय या काठावर उभी, पान उलटलं की त्या काठावर कोबी खाते. किती मोठ्या माणसांनी मला मोठ्यानं वाचलं म्हणून सांगू! "आणि मग," असं म्हणायचे आणि पान उलटायचे. "आणि मग" म्हटलं की मोठी माणसं कुठलीही नदी ओलांडतात.

पुढे तो मुलगा मोठा झाला आणि मी माळ्यावर गेलं. माळ्यावरून रद्दीच्या दुकानात. तिथे एका जाडजूड कायद्याच्या पुस्तकाखाली मी पडून होतं आणि कायद्याचं ओझं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. एक दिवस कुणीतरी मला ओढून बाहेर काढलं, पदरानं माझी धूळ पुसली आणि माझा वास घेतला. मी मनात म्हटलं, ही बाई वाचणारी दिसते.

त्या बाई म्हणजे माझ्या दुसऱ्या घरातल्या आई. कपड्यांच्या कारखान्यात त्या कागदी नमुने कापायच्या, म्हणजे शर्ट शिवायच्या आधी कागदाचा शर्ट. घरात बाबा होते, ते इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचे. धाकटा होता; जगातली प्रत्येक वस्तू आधी चाटून बघायची आणि मग तिच्याविषयी मत बनवायचं, अशी त्याची पद्धत होती. आणि थोरली होती, सहा संपून सातवं लागलेली. तिच्यासाठीच मला आणलं होतं.

थोरली प्रश्न विचारायची बंद झाली होती. शाळा काही वाईट नव्हती हो. वर्गात मुलं भारंभार आणि बाई एकट्या. थोरलीनं काही विचारलं की बाई गोड आवाजात म्हणायच्या, "तास संपल्यावर विचार हं, बाळा." तास संपला की दुसरा तास सुरू व्हायचा. होता होता ती तास संपल्यावरही विचारेना, घरी आल्यावरही विचारेना. जेवायला काय आहे, हेसुद्धा विचारेना. आईंनी महिनाभर वाट पाहिली, मग कारखान्यातून रजा घेतली आणि तिला घरीच शिकवायला बसवलं.

हे आत्याला कळलं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, एका शाळेत पर्यवेक्षिका. तिच्या आवाजाला व्हरांडे सरळ व्हायचे.

"बाळ्या, तुझी बायको हुशार आहे, मान्य," आत्या बाबांना म्हणाली. मी खिडकीतल्या फळीवरून ऐकत होतं. "पण पोर म्हणजे कापड नव्हे, चुकलं तर दुसरं घ्यायला. माझ्या शाळेत एक जागा धरून ठेवलीय. महिनाअखेरच्या रविवारी येते. पोरगी माझ्याशी धड चार वाक्यं बोलली, तर शिकवा घरी. नाही बोलली, तर सोमवारी माझ्याबरोबर."

"ताई, ती बुजरी आहे थोडी," बाबा म्हणाले.

"बुजरी कसली! गोगलगाय नि पोटात पाय."

 आईंनी अट कबूल केली. त्या रात्री त्यांनी नमुन्यांचा मोठा खाकी कागद जमिनीवर पसरला, मधोमध माझं नाव लिहिलं आणि त्यातून चहूकडे बाण काढले. गणित: शंखाचे वेढे. विज्ञान: गोगलगायीचे अवयव. भूगोल: नदी. भाषा: कोबीवर पाच ओळी. स्वयंपाक: कणकेच्या गुंडाळ्या. व्यायाम: हळू चालणे. मित्रांनो, मी थक्क झालं. माझ्या पोटात भूगोल आहे, हे मला मेल्याला ठाऊकच नव्हतं! आठवड्याचा एकेक तास आखलेला. कापड कापताना आई शिलाईसाठी बोटभर माया सोडायच्या, या वेळापत्रकात मात्र त्यांनी ती मुळीच सोडली नव्हती. रविवार डोक्यावर होता ना.

पहिले काही दिवस सगळं बाणांबरहुकूम झालं. थोरलीनं वेढे मोजले, अवयव रंगवले, कोबीवर पाच ओळी लिहिल्या. धाकट्यानं कणकेची गोगलगाय कच्चीच खाल्ली. थोरली सगळं करायची, पण गप्प. आईंच्या चेहऱ्यावर हसू असायचं आणि माझी पानं उलटताना बोटं गार असायची. ते फक्त मला कळायचं.

आणि एका सकाळी, मला कितव्यांदा तरी वाचत असताना, आई म्हणाल्या, "आणि मग..."

थोरलीनं माझ्या पानावर हात ठेवला.

"थांब ना."

आई थांबल्या.

"इथे ती इकडे आहे. इथे तिकडे आहे." थोरलीनं पान मागे केलं, पुढे केलं. "मधे काय झालं?"

धाकट्यानंही चमचा चाटायचं थांबवलं. इतक्या वर्षांत, इतक्या हातांत, हे मला पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, "अगं, पान चिकटलंय! उत्तर माझ्याकडे आहे!" पण पुस्तकाला तोंड नसतं, नुसतंच मुखपृष्ठ असतं.

"गेली असेल गं कशीतरी," असं आईंच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं. ते त्यांनी गिळलं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "खरंच माहीत नाही."

थोरली त्यांच्याकडे बघतच राहिली. मोठ्या माणसाला माहीत नसतं, ही बातमी तिला नवीन होती.

संध्याकाळी प्रश्न बाबांकडे गेला. "मधे काय असतं ते मला विचार," बाबा बूट काढत म्हणाले. "लोक दोन मजल्यांच्या मधे अडकले की मलाच बोलावतात. माझं ऐकशील तर ती लिफ्टनं गेली." मग त्यांनी मला उलगडून पाहिलं आणि नेमकं ते चिकटलेलं पान बोटांत धरून म्हणाले, "काय दणकट पान आहे बघ. जुनी छपाई ती जुनी छपाई!" मी कपाळाला हात लावला असता.

आईंनी खाकी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर एकच ओळ लिहिली: गोगलगाय नदीपलीकडे कशी गेली? बाण एकही नाही.

मग त्या घरात जे सुरू झालं, ते मी माळ्यावर किंवा कायद्याच्या पुस्तकाखाली कधी कल्पिलंही नव्हतं. कुंडीखाली एक खरी गोगलगाय सापडली. आईंनी बशीत पाणी घेतलं. थोरली ठामपणे म्हणाली, "तिला पाण्यात टाकायचं नाही. तिलाच ठरवू दे." गोगलगाय बशीच्या कडेपर्यंत आली, शिंगांनी पाणी चाचपलं आणि मागे वळली. म्हणजे पोहत नाही. मग काडी ठेवली, पान तरंगवलं, दोरी बांधली. काचेवर चढवून खालून पाहिलं, तेव्हा तिचं पोट लाटेसारखं सरकताना दिसलं. "आई, तिचं पोट हाच पाय आहे!" थोरली ओरडली. ओरडली, मित्रांनो! त्याच दुपारी ती गोगलगाय फिरत फिरत माझ्या मुखपृष्ठावर आली. माझ्या छापील गोगलगायीवरून ती खरी गोगलगाय गेली, थंड, ओली, अजिबात घाई नसलेली, आणि मागे एक रुपेरी रेघ ठेवून गेली. आजवर माझ्यावर पुष्कळ बोटं फिरली होती, पण माझ्याच गोष्टीनं मला असा कधी हात लावला नव्हता.

घरांच्या मागे एक ओहोळ होता, उडी मारता येईल एवढाच. दमट सकाळी आई दोघांना घेऊन तिथे जाऊन बसू लागल्या. मीही पिशवीतून जायचं. माझ्या आत केव्हापासून नदी आहे, पण पाणी आवाज करतं हे मला तिथे समजलं. शिवाय ते थांबत नाही. मी पान मिटलं तरी ते चालूच!

पहिल्या सकाळी काही दिसलं नाही. दुसऱ्या सकाळी धाकटा पाण्यात बसला. आईंच्या मनात रविवार टिकटिक करत होता. पण त्या बसून राहिल्या.

मग एके दिवशी थोरलीनं न बोलता आईंचा हात दाबला. या काठावरच्या गवताच्या एका उंच पात्यावर गोगलगाय चढत होती. तिच्या वजनानं पातं वाकलं आणि पाण्यावर आडवं झालं. टोकाशी ती थांबली. पुढे काहीच नव्हतं. खाली पाणी, पलीकडे दुसऱ्या काठाचं एक पातं, वाऱ्यानं जवळ येतंय, लांब जातंय. आणि तिनं आपलं अंग त्या रिकाम्या जागेत ताणायला सुरुवात केली. निम्मी पात्यावर, निम्मी हवेत. चारही शिंगं पुढे, अंधारात भिंत चाचपणाऱ्या माणसासारखी. पातं जवळ आलं, निसटलं. पुन्हा आलं, पुन्हा निसटलं. मागे सरकावं, तर तेही ती करेना. बशीकडून वळली तशी इथून वळली नाही. धाकटासुद्धा श्वास रोखून होता. आणि मग तिचं टोक पलीकडच्या पात्याला टेकलं. क्षणभर ती दोन्ही काठांवर होती.

"आई," थोरली अगदी हळू म्हणाली, "पूल नव्हताच. तीच पूल झाली."

आईंनी डोळे पुसले आणि गवताचं काहीतरी गेलंय डोळ्यात, असं सांगितलं. पाण्याचा एक थेंब माझ्यावर उडाला होता. तो कुणी पुसू नये अशी प्रार्थना मी करत होतं. आणि खरं सांगायचं तर माझ्या त्या मधल्या चिकटलेल्या, "वा" मिळवलेल्या चित्राचा मला पहिल्यांदाच थोडा संशय आला.

रविवार आला. आत्या इस्त्रीच्या कडक घड्यांत आली आणि खुर्चीवर पाठ न टेकता बसली. मला मांडीवर घेऊन तिनं चाळलं.

"बरं. सांग पाहू, गोगलगायीला पाय किती?"

थोरली गप्प.

"शिंगं किती? नदी म्हणजे काय?"

थोरली आईंच्या मागे सरकली. ज्याचं उत्तर समोरच्याला आधीच ठाऊक आहे ते त्याला का सांगायचं, हे तिला कळेना; आणि तेवढं सांगायलाही तोंड उघडेना. आईंच्या बोटांचा गारठा मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाणवत होता. बाबा उगाच पंख्याचं बटण तपासत होते. मी मनातल्या मनात म्हणत होतं, निदान माझं पान तरी उघडो. छापील उत्तर तरी हिच्या मदतीला येवो.

"बघितलंस ना, बाळ्या?" आत्या म्हणाली. आवाजात विजय नव्हता, उलट वाईटच वाटत होतं तिला.

तेवढ्यात धाकट्यानं तिच्या मांडीवरून माझी कड चाटली.

"शी! अरे, पुस्तक आहे ते!"

"गोड आहे," धाकटा म्हणाला. त्यानं पुन्हा चाटलं. "इथेच गोड आहे."

आत्यानं चष्मा सारखा करून माझी कड पाहिली, ते दणकट पान बोटांत धरून चोळलं आणि म्हणाली, "अगं, ही दोन पानं आहेत! चहाचं आधण ठेव बघू."

बाई कामाची होती, हे मान्य करायला हवं. किटलीच्या वाफेवर तिनं मला धरलं, बोथट सुरी इतक्या हलक्या हातानं फिरवली, की मला एक टाकाही तुटल्यासारखा वाटला नाही. चर्र आवाज झाला आणि कित्येक वर्षांनी माझ्या मधल्या पानांवर उजेड पडला. पिवळंधमक, डौलदार, दोन्ही पानं व्यापणारं एक बदक! पाठीवर गोगलगाय. बदकाच्या चोचीचा तुकडा निघून भलतीकडे चिकटला होता, पण रंग तेच, ताजे.

"हे घ्या!" आत्यानं ठणठणीत वाचलं. "'तेवढ्यात एक बदक आलं नि म्हणालं, बस माझ्या पाठीवर.' झालं? महिनाभर एवढ्यासाठी डोकं फोडत होतात? पान उघडलं असतं तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं!"

बाबा म्हणाले, "माझी लिफ्ट जवळपास बरोबर होती."

आणि मग एक आवाज आला. लहान, पण स्वच्छ.

"आत्या, बदक गोगलगाय खातं."

सगळे थोरलीकडे वळले.

"ओहोळावर बघितलं आम्ही. ते गपकन खातं. ती त्याच्या पाठीवर कशी बसेल? आणि तू म्हणतेस ना, पोटात पाय, तर ते खरंच आहे, तिचं पोट हाच पाय आहे, एकच, म्हणून पाय किती विचारलंस तर एक. पण पुस्तकात चुकीचं कसं छापतात? चित्रकाकांनी बघितलं नव्हतं का? तू बघितलंयस का? ती पाण्यात जात नाही, ती पातं वाकवते, मग हवेत उभी राहते, काहीच नसतं पुढे, तरी ती..." तिला शब्द पुरेनात. तिनं दोन्ही हात पसरले आणि ती एका पायावर, खोलीच्या मधोमध, पुढे वाकून उभी राहिली.

चार वाक्यं केव्हाच होऊन गेली होती. मोजणारी आत्या मोजतच नव्हती.

माझं काय झालं म्हणता? मित्रांनो, जन्मभर जपलेलं "वा" त्या क्षणी माझ्या हातून गळून पडलं आणि त्याचं मला काडीचंही दुःख झालं नाही.

"चल, दाखव," आत्या म्हणाली.

इस्त्रीच्या घड्यांसकट ती ओहोळाकाठी गुडघ्यावर बसली. गोगलगायी काही पर्यवेक्षिकेच्या वेळेवर येत नाहीत. पुष्कळ वाट पाहावी लागली. आत्यानं दोनदा घड्याळ पाहिलं, मग पाहिलं नाही. शेवटी एक आली, पातं वाकलं, आणि ती ताणली गेली. आत्याचं तोंड उघडं राहिलं. गोगलगाय पलीकडे टेकल्यावर आत्यानं सोडलेला श्वास मला पिशवीत ऐकू आला.

शाळेतल्या जागेविषयी कुणी काही बोललं नाही. गुडघ्यांना चिखल, पदर ओला, अशी आत्या बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मग तिनं थोरलीला विचारलं, अगदी हलक्या आवाजात, व्हरांड्यातला आवाज घरी ठेवून:

"आणि गं, परत कशी येते?"

"माहीत नाही," थोरली म्हणाली आणि तिला जागा करून देत सरकली. "बस ना. बघू या."

आता माझ्या मधोमध, बदकाच्या शेजारी, थोरलीनं काढलेलं एक चित्र आहे. डिंकाचे दोनच ठिपके लावलेत, तेही कडेला. त्या घरात आता चिकटण्याविषयी फार सावधगिरी आहे. गवत जांभळं आहे, गोगलगाय नदीहून मोठी आहे. छापखान्यातून निघताना माझ्यात जेवढी पानं होती, त्याहून एक पान आज जास्त आहे, असं म्हणू शकणारी पुस्तकं किती असतील?

मित्रांनो, आम्हां पुस्तकांना जपा. हात धुऊन उघडा, कोपरे दुमडू नका, आणि मध चमच्यात असू द्या. पण आणखी एक मागणं आहे. एखाद्या पानावर कुणी लहान हात ठेवला आणि "थांब" म्हणालं, तर पान उलटायची घाई करू नका. नेमकी तेव्हाच एखादी गोगलगाय, पुढे काहीही नसताना, नदीवर अधांतरी उभी असते.